कळ कोणाच्या हाती? : ऑनलाइन खेळांतल्या स्वराज्याचा ताळेबंद

ऑनलाइन खेळांविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते ते बहुतेक मुलांचे डोळे, मुलांचा अभ्यास आणि पालकांचे पैसे या तीन मुद्द्यांभोवती फिरते. हे प्रश्न खरेच आहेत, पण त्यांच्या गर्दीत एक गोष्ट नजरेआड राहते. या खेळांमध्ये हजारो माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या सहवासात असतात. ती नियम करतात, नियम मोडणाऱ्याला शासन करतात, निवडणुका घेतात, सामाईक खजिना सांभाळतात आणि कधी कधी तो लुटतातही. इंग्रजीत या गोष्टीवर गेल्या तीस वर्षांत पुष्कळ लिहून झाले आहे. ते वाचताना एक सूर पुनःपुन्हा ऐकू येतो : माणसांना मोकळ्या जागी सोडा, थोड्याच काळात ती आपणहून समाज उभा करतात, कायदे करतात आणि लोकशाहीकडे वळतात. प्रस्तुत लेखात मला हा सूर तपासून पाहायचा आहे.

मी स्वतः खेळाडू नाही. पाणीवाटपाच्या जुन्या गावपद्धती हा माझ्या अभ्यासाचा विषय. कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसताना, मिळेल ते वाचत आणि शिवारांतून फिरत तो मी करत आले आहे. त्या वाटेवर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे १९९० सालचे ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे पुस्तक भेटले. कुरण, मासेमारीचे पाणी, पाट अशा सामाईक गोष्टी लोक सरकार किंवा खासगी मालक यांच्याशिवायही नीट सांभाळू शकतात, हे ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे देऊन दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा संस्था टिकण्यासाठी कोणत्या अटी लागतात याची एक यादी त्यांनी दिली आहे. त्यांतल्या तीन अटी इथे महत्त्वाच्या आहेत. ज्यांना नियम लागू होतो त्यांना तो बदलण्यात वाटा हवा. नियमांवर देखरेख करणारा माणूस सभासदांना जबाबदार हवा. आणि सभासदांच्या स्वतःची संस्था चालवण्याच्या हक्काला वरच्या सत्तेने मान्यता द्यायला हवी.

ऑनलाइन जगांवर लिहिणारे पहिल्या अटीवर भरभरून लिहितात. सभा, अर्ज, मतदान यांची वर्णने वाचायला रंजक असतात. दुसरी आणि तिसरी अट मात्र पानाच्या तळाशी जाते. माझा मुद्दा असा की या जगांचे खरे भवितव्य त्या दोन अटींवर ठरते. निर्णय कोणी घेतला याच्याइतकाच, तो प्रत्यक्षात उतरवणारी कळ कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मोलाचा आहे. तीन उदाहरणांवरून हे पाहू.

एका डेटाबेसचा समाज

१९९० साली पाव्हेल कर्टिस या संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात ‘लॅम्डामू’ नावाचे एक जग सुरू केले. त्यात चित्रे नव्हती, सगळा व्यवहार शब्दांचा होता. ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली जन्मलेल्या ‘मड’ या शब्दखेळाचे हे वंशज. मात्र इथे राक्षस मारायचे नव्हते की गुण मिळवायचे नव्हते. कर्टिसच्या स्वतःच्या घरावर बेतलेले एक घर होते. नवा माणूस कोटांच्या कपाटात जागा होई आणि दार ढकलून बैठकीच्या खोलीत येई. तिथून पुढे ज्याने त्याने आपली खोली, आपल्या वस्तू, आपले रूप प्रोग्राम लिहून घडवायचे. यंत्राची साठवण मर्यादित असल्याने प्रत्येकाला ठरावीक जागा वाटून दिलेली असे. या साऱ्याची देखभाल करणाऱ्यांना तिथे ‘विझार्ड’ म्हणत.

वस्ती वाढली तशी भांडणे वाढली आणि प्रत्येक भांडण विझार्डांच्या दारात येऊ लागले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने एक जाहीर निवेदन काढले. यापुढे विझार्ड केवळ तंत्रज्ञ राहतील, यंत्र चालू ठेवतील. शिस्त, शिष्टाचार, तंटे हे सारे समाजाने आपले आपण पाहावे, असा त्याचा आशय होता. हेतूविषयी शंका घ्यावी असे त्यात काही नाही. सत्ता असलेल्या माणसाने ती आपणहून खाली ठेवावी हे विरळाच घडते.

पुढच्याच मार्चमध्ये ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने बैठकीच्या खोलीत एक प्रोग्राम वापरला. त्यामुळे इतर पात्रे अत्यंत घृणास्पद लैंगिक कृत्ये आपणहून करत आहेत असे मजकुरात दिसू लागले. ज्यांच्या पात्रांवर हे लादले गेले त्या स्त्रिया पडद्यापलीकडे खऱ्या होत्या आणि त्यांचा संतापही खरा होता. बंगलला ‘टोड’ करा, अशी मागणी पुढे आली. जुन्या खेळांत विझार्ड अपराध्याला शापून बेडूक करत, त्यावरून हा शब्द आला. लॅम्डामूत त्याचा अर्थ पात्र कायमचे पुसून टाकणे असा होता.

या प्रकरणावर ज्युलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये जो लेख लिहिला, तो या क्षेत्रातला आद्य ग्रंथ मानला जातो. शिक्षेचा निर्णय करायला रहिवाशांची सभा भरली. तिच्यातले पक्ष डिबेलने नेमके टिपले आहेत. आधी कायदा लिहा, मग शिक्षा करा, असे म्हणणारे कायदेवादी होते. विझार्डांनीच पुन्हा राज्य करावे म्हणणारे राजनिष्ठ होते. नको त्या माणसाचा मजकूर आपल्याला दिसू नये यासाठी एक आज्ञा आहे, ती वापरा आणि गप्प बसा, असे सांगणारे तंत्रवादी होते. अराजकवादी तर होतेच. स्वतः बंगलही सभेला येऊन गेला. तास गेले, निर्णय झाला नाही, माणसे एकेक करून पांगली. त्यानंतर एका विझार्डने एकट्याने विचार केला आणि बंगलचे पात्र पुसून टाकले.

डिबेलच्या लेखाच्या शीर्षकातच दावा आहे की या घटनेने एका डेटाबेसचा समाज झाला. लेख मनस्वी आहे आणि मजकुरातली जखम खरी जखम असते हे त्याने पहिल्यांदा समजावून सांगितले, हे त्याचे श्रेय आहे. तरी समीक्षक म्हणून मला इथे थांबावे लागते. सभा निर्णयापर्यंत पोचलीच नाही. शिक्षा झाली ती ज्याच्या बोटाखाली कळ होती त्याच्या मर्जीने. समाज जन्मला असे म्हणायचे तर जन्मल्या क्षणीच त्याच्या वतीने दुसऱ्याने सही केली. डिबेलला हा विरोधाभास दिसला होता, त्याने तो लिहिलाही आहे. पण त्याचा लेख उद्धृत करणाऱ्या शेकडो लोकांनी जन्माची वार्ता घेतली आणि सहीचा तपशील सोडून दिला.

सोपीव आणि राखीव

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. बंगल प्रकरणानंतर कर्टिसने लॅम्डामूला एक रीतसर व्यवस्था दिली. कोणाही रहिवाशाने प्रस्ताव मांडावा. दहा जणांच्या सह्या मिळाल्या की तो विझार्डांकडे पडताळणीला जावा. तिथून सुटल्यावर आणखी पाठिंबा मिळवून तो मतदानाला यावा आणि विरोधाच्या दुप्पट मते पडली तर विझार्डांनी तो अमलात आणावा. या मार्गाने बरेच काही उभे राहिले. साठवणीची जागा कोणाला वाढवून द्यायची हे ठरवणारे निवडून आलेले मंडळ आले, तंटे सोडवणारी लवादव्यवस्था आली. कायद्याच्या अभ्यासक जेनिफर म्नूकिन यांनी १९९६ साली या कायदेव्यवस्थेवर सविस्तर निबंध लिहिला. इथले कायदे हे खरे कायदे मानून त्यांना वाढू द्यावे, असा त्यांचा कल होता.

मे १९९६ मध्ये दुसरे निवेदन आले. केवळ तंत्रज्ञ राहण्याचा प्रयोग फसला, आम्ही काहीही केले तरी त्याचे सामाजिक परिणाम होतात, तेव्हा यापुढे सामाजिक निर्णय टाळण्याचे ढोंग आम्ही करणार नाही, अशा अर्थाचे ते होते. साडेतीन वर्षांचे स्वराज्य तिथे आटोपले.

हे का झाले याची उत्तरे सहसा माणसांच्या स्वभावात शोधली जातात. रहिवासी भांडखोर होते, मतदान थोडेच लोक करत, लवाद पक्षपाती होते वगैरे. यात तथ्य असेल, पण ही कारणे कोणत्याही ग्रामपंचायतीला लागू पडतील आणि ग्रामपंचायती त्यामुळे बंद होत नाहीत. खरे कारण व्यवस्थेच्या बांधणीत होते. प्रस्तावाची पडताळणी करताना विझार्ड काय पाहत? तो स्पष्ट आहे का, तंत्राने शक्य आहे का, देशाच्या कायद्यात बसतो का, यंत्राच्या सुरक्षेला धोका तर नाही ना. हे प्रश्न कोरडे तांत्रिक वाटतात. पण ‘शक्य नाही’ आणि ‘फार वेळ लागेल’ यांतली रेषा कोण आखणार? ‘धोका’ केवढा झाला की नकार द्यायचा? मंजूर ठरावाचे शब्द संदिग्ध असतील तर प्रोग्राम लिहिणारा कोणता अर्थ धरणार? यातले प्रत्येक उत्तर राजकीय आहे आणि ते देणारा कोणाला जबाबदार नाही. रहिवाशांना विझार्ड अडवणूक करतात असे वाटे. विझार्डांना, दिवसभराची नोकरी सांभाळून फुकट राबायचे आणि वर शिव्या खायच्या, असे वाटे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांना द्विदल राज्यपद्धती दिली. शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशी खाती ‘सोपीव’ म्हणून लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. अर्थ, पोलीस, जमीनमहसूल ही खाती ‘राखीव’ म्हणून गव्हर्नरकडे राहिली. मंत्र्याने शाळा काढायचे ठरवावे आणि पैशासाठी राखीव खात्याच्या तोंडाकडे पाहावे. ती पद्धत मंत्री नालायक होते म्हणून कोसळली नाही. निर्णय एकाकडे आणि साधन दुसऱ्याकडे, ही विभागणीच तिच्या मुळाशी होती. लॅम्डामूत सारी चर्चा सोपीव आणि सारी अंमलबजावणी राखीव होती. साम्राज्य आणि छंदाचे जग यांत फरक अर्थातच मोठा आहे. इथे कोणी कोणाला जिंकून घेतले नव्हते आणि कर्टिसला खरोखरच सत्ता नको होती. पण म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. सत्ताधाऱ्याची नियत साफ असतानाही बांधणी बदलली नाही तर शेवट तोच होतो.

ड्रॅगनच्या मुडद्याची वाटणी

आता उलट बाजूचे उदाहरण घेऊ. मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ अमेरिकेत आला. त्यातले मोठे ड्रॅगन एकट्यादुकट्याने मारता येत नसत. कित्येक खेळाडूंनी वेळ ठरवून, तासन् तास झुंजून एक ड्रॅगन पाडायचा आणि त्याच्यापाशी मिळणार दोन-तीन मौल्यवान वस्तू. वाटणी कशी करायची? खेळाच्या कंपनीने याची काही सोय केलेली नव्हती. फासे टाकले तर काल आलेला माणूस वस्तू घेऊन जाई आणि सहा महिने राबलेला हात चोळत बसे. गटप्रमुखाने ठरवावे तर वशिल्याचा आरोप ठरलेला.

‘आफ्टरलाइफ’ नावाच्या एका गटाने त्याच वर्षी एक तोडगा काढला. प्रत्येक मोहिमेला हजर राहणाऱ्याच्या नावे गुण जमा करायचे आणि वस्तू हवी असेल त्याने ते गुण खर्च करायचे. त्याला ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ असे नाव पडले. ही पद्धत गटागटांतून पसरली आणि २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही पोचली. तिचे दोषही लवकर दिसले. जुन्या सभासदांकडे गुणांचे ढीग साचत आणि नव्याला कधी संधीच मिळत नसे. मग गटांनी सुधारणा केल्या. कोणी न वापरलेले गुण काळानुसार घटवू लागले. कोणी अशी रीत लावली की एकाने खर्चलेले गुण त्या मोहिमेतल्या बाकीच्यांत वाटले जावेत, म्हणजे एकूण बेरीज शून्यच राहील. कोणी हा हिशेबच सोडून जाणत्यांच्या समितीकडे वाटणी दिली. प्रत्येक गटाचा नियम वेगळा, प्रत्येकाची वही वेगळी.

याचा आपल्याकडचा जवळचा नातलग म्हणजे भिशी. भिशीत कोणी कंपनी कायदा दाखवत नाही. हप्ता चुकवणाऱ्याला पुढच्या भिशीत कोणी घेत नाही, एवढीच शिक्षा असते आणि ती पुरते. ड्रॅगनगुणांचेही तसेच होते. हे गुण खेळाच्या प्रोग्रामात कुठेही नव्हते, ते गटाच्या स्वतःच्या तक्त्यात होते. नियम मोडून वस्तू उचलणाऱ्याला पुढच्या मोहिमेला बोलावले जात नसे. निर्णय, हिशेब आणि शिक्षा ही तिन्ही कामे सभासदांच्याच हाती होती. या गटांत लोकशाही होतीच असे नाही, कित्येक ठिकाणी गटप्रमुखाचा शब्द शेवटचा असे. तरी नियम पटला नाही तर भांडून तो बदलता येई आणि बदललेला नियम त्याच रात्री लागू होई, कारण मध्ये कोणाची परवानगी लागत नव्हती.

या पद्धतीवर अर्थशास्त्रीय लेखन झाले आहे, पण ते तिला बहुधा खासगी चलनाचा नमुना म्हणून पाहते. माझ्या मते तिचे महत्त्व वेगळे आहे. लॅम्डामूच्या भव्य घटनेपेक्षा ही साधी हिशेबवही ऑस्ट्रॉम यांच्या अटींच्या जास्त जवळ जाते. तिचे क्षेत्र लहान आहे, पण त्या क्षेत्रात ती पूर्ण स्वायत्त आहे.

निवडून आलेले, पण बोलता न येणारे

तिसरे उदाहरण ‘ईव्ह ऑनलाइन’चे. आइसलँडच्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये अंतराळातल्या राज्यांचा हा खेळ काढला. इथे खेळाडूंचे गट ‘कॉर्पोरेशन’ आणि त्यांचे संघ ‘अलायन्स’ म्हणवतात. या संघांकडे हजारोंची फौज, हेर, राजदूत आणि हिशेबनीस असतात. जानेवारी २०१४ मध्ये या जगातली एक अतिप्रचंड लढाई झाली. सुमारे एकवीस तासांत ‘टायटन’ जातीची पंच्याहत्तर महाकाय जहाजे नष्ट झाली. ठिणगी काय होती, तर एका ताऱ्याच्या ताब्याचे देणे वेळेवर भरले गेले नाही. राज्ये कारकुनीवर चालतात, हे इथेही खरे.

२००७ साली उघड झाले की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपण ज्या संघात खेळत होतो त्याला दुर्मीळ नकाशे बेकायदा मिळवून दिले होते. विश्वास उडाला. तेव्हा कंपनीने २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेले एक मंडळ स्थापन केले. त्याचे प्रतिनिधी रेक्याविकला नेऊन त्यांच्याशी बैठका होतात, इतिवृत्त प्रसिद्ध होते. २०१३ पासून मतदानही आपल्या विधान परिषदेसारखे पसंतीक्रमाने होऊ लागले. जगातले पहिले आभासी संसदमंडळ म्हणून त्याचा मोठा गवगवा झाला.

आता कागद पाहू. मंडळाला कोणताही निर्णय थोपवण्याचा अधिकार नाही, ते सल्लागार आहे. कंपनीच्या पुढच्या योजना कळाव्यात म्हणून प्रतिनिधींना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. म्हणजे प्रतिनिधीला जे कळते ते मतदाराला सांगता येत नाही, आणि मतदाराला जे कळत नाही त्याविषयी तो प्रतिनिधीला जाब विचारू शकत नाही. मतदान कमीच होते आणि शिस्तबद्ध मतपेढी असलेले मोठे संघ आपली माणसे निवडून आणतात. हे मंडळ निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या सूचनांमुळे खेळ सुधारला आहे. पण याला संसद म्हणणे म्हणजे ग्राहक सल्लागार समितीला विधानसभा म्हणण्यासारखे आहे.

या मंडळाची कसोटी २०११ साली लागली. कंपनीने त्या उन्हाळ्यात खऱ्या पैशांत विकायच्या शोभेच्या वस्तूंचे दुकान उघडले. एका डोळ्यावर लावायच्या चष्म्याची किंमत साठ डॉलरांच्या वर होती. त्याच सुमारास कंपनीची अंतर्गत कागदपत्रे फुटली. जीता या बाजारपेठेच्या ताऱ्यापाशी हजारो खेळाडू जमले आणि तिथल्या स्मारकावर गोळे डागत राहिले. अनेकांनी मासिक वर्गणी बंद केली. मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले गेले, संयुक्त निवेदन निघाले. पण राग शमला नाही. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली, धोरण बदलले, आणि कंपनीला सुमारे एक पंचमांश नोकरवर्ग कमी करावा लागला. या साऱ्यात निर्णायक काय ठरले? निवेदन नव्हे, बंद झालेली वर्गणी. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते की संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, बोलणे किंवा निघून जाणे. ईव्हच्या खेळाडूंचे बोलणे ऐकले गेले ते त्यांच्यामागे निघून जाण्याची धमकी उभी होती म्हणून. ग्राहकाची ही ताकद खरी आहे, पण ती नागरिकाची नव्हे. निघून जाणाऱ्याला दहा वर्षे उभारलेले आपले राज्य, आपली जहाजे, आपले स्थान सोबत नेता येत नाही.

संघांच्या आतही कळीचा प्रश्न सुटलेला नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हा सर्वांत बलाढ्य संघ एका रात्रीत नाहीसा झाला. त्याचा एक संचालक शत्रूला मिळाला आणि त्याने आपल्या अधिकारात असलेली संघ बरखास्त करण्याची आज्ञा दिली. हजारो सभासदांना कोणी विचारले नाही, कारण खेळाच्या रचनेत विचारण्याची तरतूदच नव्हती. जो संघ या घटनेने आनंदला, त्याचीही पुढच्या वर्षी तीच गत झाली. त्याच्याच प्रमुखाने खजिना उचलला आणि घर मोडले. हे किस्से धूर्तपणाच्या सुरस कथा म्हणून सांगितले जातात. मला त्यांत घटनेचा अभाव दिसतो. दोन सह्यांशिवाय चेक वटू नये, एवढी साधी सोय आपल्या गृहनिर्माण संस्थांतही असते. ती तिथे खेळाडूंना हवी असती तरी करता आली नसती, कारण अधिकारांची चौकट कंपनीने प्रोग्रामात आधीच घालून ठेवली होती.

पाटकरी कोणाचा

इथे मला माझ्या शिवारात यावे लागते, कारण ज्या तुलनेमुळे मी या विषयाकडे वळले ती तिथली आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची. एका फडात त्या वर्षी एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचे ते लाभधारकांनी मिळून ठरवायचे. तिची सर्वांत शहाणी तरतूद अशी की शेतकरी स्वतःच्या शेताला स्वतः पाणी लावत नाही. ते काम पाटकऱ्याचे. राखणीला जागल्या असतो. त्यांचा मोबदला लाभधारकांच्या पिकातून जातो.

म्हणजे कळ इथेही एका माणसाच्या हाती आहे. पाटकरी मनात आणले तर एखाद्याचे शेत सुकवू शकतो. फरक एवढाच की तो गावाचा नेमलेला आहे, त्याचे धान्य गावाकडून येते आणि त्याला बदलता येते. लॅम्डामूचा विझार्ड हाही पाटकरीच होता, पण रहिवाशांनी नेमलेला नव्हे. ईव्हमध्ये पाट कंपनीचा, पाणी कंपनीचे आणि पाटकरीही कंपनीचा. लोकांना पिकांविषयी मत देता येत होते. कोणी म्हणेल, मग यंत्रच लोकांच्या मालकीचे करा. ‘माइनक्राफ्ट’मध्ये हे काहीसे घडले आहे. तिथे कोणीही आपला सर्व्हर भाड्याने घेऊन आपले जग चालवू शकतो. सेथ फ्रे आणि रॉबर्ट सम्नर यांनी २०१९ साली अशा पाच हजारांहून अधिक सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जी जगे वाढली आणि टिकली त्यांत नियमांचे आणि देखरेखीचे प्रकारही वाढलेले त्यांना आढळले. पण हे नियम बहुधा ज्याचा सर्व्हर त्याचेच. नॅथन श्नायडर या अभ्यासकाने या साऱ्या प्रकाराला २०२२ मध्ये छुपी सरंजामशाही म्हटले, ते मला पटते. मालक जवळ आला, आपल्यातलाच झाला, तरी तो मालकच राहिला.

हा प्रश्न आता दूरच्या कॅलिफोर्निया-आइसलँडचा उरलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली आणि ऑक्टोबर संपता संपता तो खेळ इथे बंद झाला. बंदीची कारणे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण आपल्याकडच्या लाखो मुलांनी त्यात जे गट बांधले होते ते दुसऱ्यांच्या कळीने विझले. आज हीच मुले खेळाभोवतीच्या गप्पांसाठी ‘डिस्कॉर्ड’वर आपापले सर्व्हर काढतात. तिथे सर्व्हर काढणाऱ्याला ‘मालक’ म्हणतात, त्याच्या नावापुढे मुकुटाचे चिन्ह येते आणि मालकी द्यायची की नाही हे तोच ठरवतो. तो मुलगा इतरांना हाताखालचे अधिकार वाटतो, काढूनही घेतो. शाळेत नागरिकशास्त्र दोन-चार गुणांना असते. सत्ता कशी मिळते, कशी वापरतात, कशी जाते, याचा रोजचा सराव मात्र या मुकुटाखाली होतो आहे. निवडणूक, आळीपाळी, अधिकाराची मुदत, हिशेबाची तपासणी यांसाठी त्या पडद्यावर तयार बटण नाही. मालकाला हाकलायला एका क्लिकची सोय आहे, मालकाला बदलायला सभासदांपाशी काहीच नाही.

याला उपाय नाही असे नाही. ड्रॅगनगुणांची वही दाखवते की यंत्राच्या बाहेर, स्वतःच्या हिशेबावर आणि स्वतःच्या बहिष्कारावर लोक पुष्कळ काही उभे करू शकतात. फड दाखवतो की कळ धरणारा एकच असला तरी तो सभासदांना बांधलेला असू शकतो. हे प्रोग्रामात आणणे तंत्राला अवघड नाही. दोन सह्यांचा खजिना, मुदतीचा मालक, सभासदांच्या मताने बदलता येणारा देखरेख्या, या गोष्टी लिहिता येतात. त्या लिहिल्या जात नाहीत कारण मागितल्या जात नाहीत.

म्हणून यापुढे कोणत्याही ऑनलाइन जगातल्या लोकशाहीचे कौतुक वाचनात आले तर वाचकांनी तीन प्रश्न विचारून पाहावेत. ठराव झाल्यावर तो अमलात कोण आणतो? त्याने आणला नाही तर सभासद काय करू शकतात? आणि कंटाळून निघायचे ठरवले तर आपले काय काय सोबत नेता येते? लॅम्डामू पुढेही कित्येक वर्षे चालू राहिले, लोक बैठकीच्या खोलीत येत राहिले. तिथे १९९३ ते १९९६ या काळात झालेला प्रयोग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे अखेरीस जाहीरपणे देणारी ती एक दुर्मीळ जागा होती, आणि ती उत्तरे देणाऱ्या १९९६ च्या निवेदनाकडे आजवर जेवढे लक्ष गेले त्याहून जास्त जायला हवे.